अमर दोन

रत्नागिरीत माळनाक्याच्या उतारावर दोन गाळे एकमेकांना चिकटून आहेत. एकात माझं झेरॉक्स आणि टायपिंग, दुसऱ्यात अमरदीपची कॉम्प्युटर दुरुस्ती. मधली भिंत प्लायवूडची. त्याच्याकडे गिऱ्हाईक काय बोलतं ते मला ऐकू येतं आणि माझं मशीन कधी अडतं ते त्याला कळतं. आठ वर्षांचा शेजार आहे. तो मला दर्शनाताई म्हणतो, मी त्याला तोंडाला येईल ते म्हणते.

अमर तिशीचा. अंगाने काटकुळा आणि बोलायला त्याहून काटकुळा. गिऱ्हाईक दहा मिनिटं तक्रार सांगतं, हा ऐकून घेतो आणि म्हणतो, गुरुवारी या. त्याच्या टेबलावर एक स्क्रू जास्तीचा सापडायचा नाही. लागत नाही ते काढून टाकायचं, हा त्याचा धर्म. माझं उलट आहे. माझ्या खणात बंद पडलेली घड्याळं, कुणाकुणाचे विसरलेले चष्मे आणि वीस वर्षांच्या किल्ल्या आहेत. तो माझ्या खणाला भंगारनगर म्हणतो.

त्याच्या गाळ्यात कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर आहे. कुणीतरी टाकून दिलेला याने उचलला आणि त्यावर लिनक्स घातलं. तेवढ्यावर गप्प बसला नाही. त्याचा कर्नलही याने स्वतः बांधला. कर्नल म्हणजे काय, हे मला समजवायला त्याला दोन चहा लागले. कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो. कीबोर्ड, प्रिंटर, पेनड्राइव्ह, जे कोण दाराशी येईल त्याच्याशी बोलायचं काम त्याचं. प्रत्येकाची भाषा वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी एकेक दुभाषा ठेवावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कर्नल बांधायचा म्हणजे आधी एक लांबलचक यादी उघडायची आणि कोणते दुभाषे ठेवायचे ते ठरवायचं. प्रत्येक ओळीपुढे तीन उत्तरं. हो म्हटलं तर तो कारभाऱ्याच्या अंगातच राहतो. नाही म्हटलं तर नाहीच. आणि एक मधलं उत्तर असतं. त्यात तो बाजूला ठेवलेला असतो, वस्तू जोडली की हजर होतो.

मी म्हटलं, हे तर आमच्या साखरप्याच्या घरासारखं झालं. आम्ही बारमाही राहणारे ते हो. मुंबईकरांची खोली वर्षभर बंद, गणपतीला माणसं आली की उघडायची, ते मधलं. आणि ज्याला खोलीच बांधली नाही त्याने पडवीत उभं राहायचं. अमर हसला. म्हणाला, ताई, मी निम्म्याहून जास्त खोल्या पाडल्यात. यूएसबीच्या सदरात तर कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह आणि प्रिंटर सोडून सगळ्यांना नाही. त्यामुळे ते खोकं अकरा सेकंदांत सुरू व्हायचं. गिऱ्हाईक समोर असलं की हा मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करायचा. एवढीच काय ती त्याची हौस.

त्याचं गाव खेड तालुक्यात, लोट्यापासून थोडं आत. वडील भिकूकाका लोट्याच्या एका कंपनीत कामगार होते. तीन पाळ्या, कंपनीची बस, खाकी कपडे. सहा वर्षांपूर्वी रिटायर झाले. मी त्यांना तीन-चारदा पाहिलंय. कधी दवाखान्याच्या निमित्ताने रत्नागिरीत आले तर अमरच्या गाळ्यात स्टुलावर बसायचे. मुलाच्या हातांकडे बघत चहा प्यायचे आणि गाडीची वेळ झाली की उठायचे. बापलेकांचं बोलणं मी प्लायवूडच्या अलीकडून ऐकलंय. बरे ना? बरा. निघतो. या. फोनवर तर त्याहून कमी.

एकदा मी त्याला चिडवलं, की बापाने तुला तोंड दिलं पण वापरायला शिकवलं नाही. तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "ताई, लोकांचे बाप फोन करून जेवलास का विचारतात. माझ्या बापाने मला आजवर एक प्रश्न विचारला नाही. पॉलिटेक्निकला तीन वर्षं इथे खोली घेऊन एकटा होतो. रोज वाटायचं, आज विचारतील." मग स्क्रूड्रायव्हर उचलून कामाला लागला. मला माझ्या जिभेचा राग आला. तिशीच्या माणसाच्या तोंडचं ते वाक्य सोळा वर्षांच्या मुलाचं होतं.

या जानेवारीत तो गावाला वडिलांसाठी नवा स्मार्टफोन घेऊन गेला. जुन्या बटणाच्या फोनमधले नंबर नव्यात भरत अंगणात बसला होता. पंधरा-वीसच नावं. सीता, म्हणजे आई. लवू, म्हणजे कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारे लवूकाका. कंपनीचं गेट, दवाखाना. मग अमर एक. आणि अमर दोन. अमर एक त्याचाच नंबर होता. दुसरा त्याला ओळखता येईना. त्याने लावून पाहिला, तर हा नंबर अस्तित्वात नाही. हा कोणाचा, असं त्याने वडिलांना विचारलं.

भिकूकाका विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "तुजाच हाय तो. कॉम्प्युटराचा. त्याच्यावं मी लिवायचो. तू कदी काय बोल्लास नाय."

एवढं बोलून ते मोटार बंद करायला विहिरीवर गेले. मोटार सुरूच नव्हती, असं अमरने मला सांगितलं.

सोमवारी सकाळी गाळा न उघडता तो आधी माझ्याकडे आला आणि हे सगळं एका दमात बोलला. त्याला आठवलं होतं. पॉलिटेक्निकला नाव घातलं तेव्हा वडिलांनी चिपळूणहून डेटा कार्ड आणून दिलं होतं. पेनड्राइव्हसारखं कॉम्प्युटरला लावायचं, आत सिमकार्ड, त्यावर इंटरनेट चालायचं. त्या सिमलाही नंबर होता. महिन्याचं रिचार्ज काका लोट्याच्या नाक्यावर करायचे, म्हणून तो नंबर त्यांच्या फोनमध्ये. पण मेसेज त्याच्यावर का? फोनवर का नाही? हे त्याला उमजत नव्हतं. आणि अमरच्या कॉम्प्युटरवर तेव्हाही लिनक्स होतं. त्याने नेट चालण्यापुरती सोय केली होती, मेसेज दाखवणारा प्रोग्राम कधी घातलाच नव्हता. लागत नाही ते ठेवायचं कशाला?

"सिमवर आलेलं सिमवरच राहतं, ताई. कोणी पुसलं नाही तर." मग त्याचा चेहरा पडला. "पण मी ते कार्ड टाकून दिलं. गाळा घेतला त्या वर्षी."

मी खण ओढला. त्याने ते टाकलं होतं माझ्याच कचऱ्याच्या डब्यात, आणि आत सिम दिसलं म्हणून मी उचलून ठेवलं होतं. किल्ल्यांच्या खाली होतं, टोपण हरवलेलं. भंगारनगरचा एवढा मान माझ्या हयातीत कधी झाला नव्हता. अमरने ते दोन्ही हातांत घेतलं, जसं कुणी तान्हं मूल घेतं.

त्याने ते कोपऱ्यातल्या खोक्याला लावलं. पडद्यावर ओळी आल्या. नवीन वस्तू आली आहे, बनवणाऱ्याचं नाव हे, क्रमांक हा. त्यापुढे काही नाही. मला वाटलं चाललं. तो म्हणाला, चाललं नाही. कोण आलंय ते कारभाऱ्याला कळलं, नाव-गावही कळलं, पण त्याच्याशी बोलणारा घरात कोणी नाही. त्या कार्डाशी बोलणारा मोडेमचा ड्रायव्हर यानेच सात वर्षांपूर्वी नाही करून टाकला होता. घरी ब्रॉडबँड आलं होतं, मग कशाला हवा?

मी म्हटलं, एखाद्याचं तयार लिनक्स पेनड्राइव्हवर घे, त्यात सगळं असेल. एवढं मलाही आता कळतं. दहा मिनिटांचं काम, हे त्यालाही ठाऊक होतं. पण तो अडून बसला. मी पाडलेली खोली मीच बांधणार, म्हणाला. मी त्याला हट्टी, अर्धवट, काय काय म्हटलं. मग लक्षात आलं की हा हट्ट नाही. त्याला भीती वाटत होती. सिम कोरं निघालं तर? किंवा कोरं निघालं नाही तर? कर्नल बांधायला लागणारे तीन-चार तास त्याला हवे होते.

त्याने यादी उघडली. यूएसबीच्या सदरात मोडेमची ओळ शोधू लागला आणि ती सापडेना. वर गेला, खाली आला. यादीतून ओळच गायब. स्वतः दहा वेळा ही यादी भरलेला माणूस घाम पुसत बसला. अखेर कपाळावर हात मारला. मोडेमचा ड्रायव्हर दुसऱ्या एका मोठ्या ड्रायव्हरच्या हाताखाली असतो, यूएसबी सिरियलच्या. आधी थोरल्याला हो म्हणायचं, तेव्हा कुठे धाकट्याची ओळ यादीत उगवते. याने थोरल्यालाच नाही म्हणून ठेवलं होतं. त्याने ते हो केलं, खाली धाकटा दिसला, त्यालाही हो केलं.

"मधलं का नाही?" मी विचारलं. "आला की उघडणारी खोली?"

"नको," तो म्हणाला. "आता अंगातच राहू दे."

मशीन कामाला लागलं. पडद्यावरून ओळी सरकत राहिल्या. अमरने त्या दिवशी एकही गिऱ्हाईक घेतलं नाही. मी माझी प्रमाणपत्रं आणि सातबारे छापत होते, पण कान भिंतीपलीकडे. दुपारी पाऊणच्या सुमाराला त्याने मशीन बंद करून सुरू केलं. या खेपेला सेकंद मोजले नाहीत. कार्ड लावलं. कार्डाने आधी आपण सीडी आहोत अशी बतावणी केली, ती यांची जुनी खोड असते म्हणे. त्याने एक आज्ञा देऊन ते नाटक थांबवलं. मग कारभाऱ्याने त्याला ओळखलं आणि जोडून घेतलं. अमरने मला हाक मारली. मी जाऊन मागे उभी राहिले. त्याने एक ओळ लिहिली, जेवढे असतील तेवढे सगळे दाखव अशा अर्थाची, आणि बटण दाबायच्या आधी उगाच चष्मा पुसला.

सिमवर तीसच मेसेज मावतात. तीसच होते. त्यातले अठरा सिम-कंपनीच्या जाहिराती. कॉलर ट्यून लावा, रिचार्ज करा, क्रिकेटचा स्कोर मिळवा. उरलेले बारा एका नंबरचे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. मी ते कागदावर छापून दिले, म्हणून मला आठवतात. त्यातले काही इथे आपल्या अक्षरांत लिहिते.

जय भीम. अमर हा पयला मेसेज. लवूनं शिकवलान. मिळाला तर सांग.

जय भीम. फोनवं नाय लिवत. वर्गात वाजला तर मास्तर ओरडतील. कॉम्प्युटरावं गप येतं. जेवलास काय.

आज पयली पाळी. बसमदी हाय. जेवलास काय.

आवशीन हर्ण्याची सुकट आनून चटनी केलीन. यस्टीच्या कंडक्टरजवल डबा दिलाय. बुदवारी चार वाजता स्टँडावं जा.

डबा परत आला. परीक्षा असंल. आवशीला मिळाला सांगितलं. लवून आनि मी बसमदी खाल्ला.

हाताला वाईच भाजलं. आवशीला सांगितलं नाय. तुला सांगतो.

अमर इथे थांबला. म्हणाला, बाबांच्या उजव्या मनगटावर डाग आहे. कशाचा, ते मी कधी विचारलंच नाही.

पुढचा मेसेज त्याने मोठ्याने वाचायला घेतला आणि अर्ध्यावर मला वाचावा लागला. कंपनीच्या कामान रत्नागिरीत आलेलो. तुज्या कालेजाच्या गेटावं उभा व्हतो. तू दोस्तांसंगती हसत व्हतास. माज्या अंगावं कंपनीचे कपडे व्हते म्हनून हाक नाय मारली. तुला हसताना बगून बरं वाटलं.

"भाट्याच्या किनाऱ्यावर निघालो असू," अमर म्हणाला. "शनिवारी दुपारी सगळे भाट्याला जायचो." मग त्याने तोंड फिरवलं. मी पंख्याकडे बघत उभी राहिले. बडबडी बाई अशा वेळी फार निरुपयोगी असते.

शेवटचा, तिसावा मेसेज पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षातला होता. मी लिवतो त्याचा तरास होत असंल तर सांग. मंग नाय लिवनार.

त्यानंतर काही नाही. सिम भरलं होतं. आम्हाला वाटलं, उत्तर आलं नाही म्हणून काकांनी तिथेच सोडलं. तरी अमरने लवूकाकांना फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं. लवूकाका हसले. म्हणाले, "सोडतोय कशाला? रिटायर झाला त्या दिसापत्तूर लिवत व्हता. लोटं सुटलं की घर येईपत्तूर त्याचा अंगठा चालू. मी इचारलं, पोरगा उत्तर देतो काय? तर बोल्ला, तरास व्हत असंल तर सांग असं मी लिवलंय, तो काय बोल्ला नाय, म्हंजे त्याला चालतंय."

पॉलिटेक्निक संपल्यावर अमरने आईला निरोप दिला होता, की कार्डाचं रिचार्ज आता नको. काकांना वाटलं, पोरगा कमवता झाला, स्वतः भरतो. सिम मेलं, नंबर मेला, आणि बापाचा अंगठा पाच वर्षं त्या मेलेल्या नंबरावर चालत राहिला. घरी आल्यावर विचारायचं होतं, असं कोणी म्हणेल. मीही आधी तेच म्हटलं. पण ज्याला विचारता आलं असतं त्याने लिहिलं कशाला असतं?

मी हिशोब करणारी बाई. आठवड्याला एक धरला तरी ते किती होतात, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी ते तोंडातून बाहेर पडू दिलं नाही. त्यातले बारा आमच्या हातातल्या कागदावर होते.

त्या दिवशी अमरने वडिलांच्या नव्या फोनवर बारा उत्तरं पाठवली. क्रमाने, एकेक. पहिल्याला लिहिलं, मिळाला. डब्याला लिहिलं, चुकलो, मला कळलंच नाही. हाताला लिहिलं, आता दुखतो का? गेटाच्या मेसेजला काय लिहिलं ते त्याने मला दाखवलं नाही, आणि मी भिंतीवरून डोकावणारी बाई असूनही विचारलं नाही. शेवटच्याला लिहिलं, त्रास नाही, लिहा.

उत्तर आलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. अमर फोन उलटा ठेवायचा आणि दर पाच मिनिटांनी सुलटा करायचा. गिऱ्हाइकाला गुरुवारी या म्हणायचं सोडून उद्या या म्हणू लागला, कारण गुरुवारपर्यंतचं त्याला काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, फोन कर. तो म्हणाला, फोनवर ते ठेव म्हणतील. आईला विचारलं तेव्हा सीताकाकू म्हणाल्या, ते दिवसभर पायरीवर फोन घेऊन बसलेत. कोणी बोललं की हाताने गप करतात. जेवायलाही दोनदा हाक मारावी लागते.

"ताई," बुधवारी संध्याकाळी शटर ओढताना तो म्हणाला, "मी तीन दिवस थांबलोय. ते सात वर्षं थांबले होते."



गुरुवारी दुपारी तीनला त्याचा फोन वाजला, मेसेजचा. तो तसाच फोन घेऊन माझ्याकडे आला आणि झेरॉक्सच्या काचेवर ठेवला. भिकूकाकांचा मेसेज होता.

जय भीम. मिळाले. बाकीचे पन वाचलेस काय.

बाकीचे. घरी परत येणाऱ्या बसमध्ये लिहिलेले, कुठेही न पोचलेले, काकांच्या जुन्या फोननेही न जपलेले, आता जगात कुठेही नसलेले. अमरने माझ्याकडे पाहिलं. काय लिहू, असं त्याने विचारलं नाही, पण विचारलंच. खोटं बोलायला एक अक्षर पुरलं असतं. हो म्हटलं असतं तर तो म्हातारा त्या पायरीवर सुखाने बसला असता. आजवर मी त्याला न मागता हजार सल्ले दिले असतील, त्या दिवशी एक देता आला नाही.

त्याने उभ्या उभ्याच लिहिलं. नाही बाबा. ते पोचलेच नाहीत. चूक माझी आहे. मला ते हवे होते.

मग आम्ही दोघं वाट बघत बसलो. एक मुलगी आधारकार्डाची झेरॉक्स काढून गेली. समोर एसटी थांबली, सुटली. मला वाटत होतं काका काही लिहिणार नाहीत. मी असते तर लिहिलं नसतं. मी मोठ्याने रडले असते आणि आठवडाभर भांडले असते.

फोन वाजला. अमरने वाचलं आणि माझ्याकडे सरकवला.

जाऊ दे. जेवलास काय.

साडेतीन वाजून गेले होते आणि तो जेवला नव्हता. डबा सकाळपासून त्याच्या टेबलाखाली तसाच होता. त्याने लगेच उत्तर लिहिलं नाही. आपल्या गाळ्यात गेला, डबा काढला, हात धुतले. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होते. झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मी जाऊन डोकावले. खाली घातलेल्या मानेने तो डबा संपवत होता. शेवटचा घास खाऊन झाल्यावर त्याने हात पुसले, फोन उचलला आणि लिहिलं, जेवलो.